एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

"एक कोटी बेचाळीस हजार एकशे तेहेतीस!"

अनिलने मोबाइलवरचा आकडा खणखणीत आवाजात वाचला आणि देवळाच्या ओट्यावर एकच गजर झाला. काकडा नुकताच उरकला होता. चहाची किटली फिरत होती. माघातल्या थंडीत शाली गुंडाळून बसलेली मंडळी हात बाहेर काढून टाळ्या वाजवू लागली. वर्षभराच्या कष्टाचं आज सोनं झालं होतं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

चंदरने टाळी वाजवली नाही. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक आणि चार पाच, पाच आणि दोन सात, आठ, अकरा, चौदा. चौदातला एक आणि चार, पाच.

"पाच येतात," तो म्हणाला.

"काय पाच?" अनिलने विचारलं.

"नऊ यायला पायजेत. पाच येतात. कायतरी चुकलंय रे अनिल."

"झालं! काकांचा काटा हलला," कोणीतरी म्हणालं आणि ओटा हसला.

हसणाऱ्यांचा तरी काय दोष? चंदर शहापूरजवळ हायवेच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं बसलेला माणूस. आठवडाभर तिथे खोली करून राहायचा आणि सुट्टीला धसईच्या एसटीने गावी यायचा. दिवसभर काचेआड बसून समोरच्या गाड्यांचे आकडे बघायचे, हे त्याचं आयुष्य. खडीचे डंपर, भाताच्या गाड्या, सळ्यांचे ट्रेलर. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्याला एक खोड लागली होती. नंबरप्लेटवरचे आकडे एकमेकांत मिळवत जायचं, शेवटी एकच आकडा उरेपर्यंत. नऊ उरला की त्या नंबराला नऊने भाग जातो, आणि का कोण जाणे, चंदरला आपली कोणीतरी भेट झाल्यासारखं वाटायचं. त्याच्या लग्नाच्या वरातीतली जीप नऊची निघाली, म्हणून हा माणूस मांडवात एकटाच हसत बसला होता, असं त्याची बायको गिरजा अजून सांगते.

दुसरी खोड कीर्तनाची. पण तिला खोड म्हणू नये, ते त्याचं अन्नच होतं. सप्त्याचे आठ दिवस तो मालकाशी भांडून सुट्टी काढायचा आणि टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा राहायचा. महाराज अभंगाचा एक चरण धरून कुठल्या कुठे जायचे, बैलाच्या गोष्टीत, सासू-सुनेच्या भांडणात, आणि सगळे आता वाट चुकली म्हणेपर्यंत अलगद त्याच चरणावर येऊन टेकायचे. त्या टेकण्याच्या क्षणाला चंदरचे डोळे भरून यायचे. बाकी शून्य उरली की त्याला जसं वाटायचं, तसंच काहीसं.

गेल्या पाडव्याला गावाने संकल्प सोडला होता, वर्षाच्या सप्त्यापर्यंत एक कोटी नामजपाचा. रामकृष्णहरी. एकशेसतरा माणसांनी नावं दिली. दर वद्य एकादशीला आपापल्या माळा सांगायच्या आणि चंदरने त्या वहीत लिहायच्या. एक माळ म्हणजे एकशेआठ नामं. आज काला. दहा वाजता काल्याचं कीर्तन, आणि महाराज उभे राहून आकडा सांगणार.

"हे बघ," चंदरने अनिलला जवळ बसवलं. "एकशेआठ. एक आणि आठ नऊ. एकशेआठाला कशानंबी गुण, बेरीज नवावरच येऊन थांबते. सगळ्या माळा एकशेआठाच्या, तर अख्खा जप नवाचा यायला पायजे. नाय आला."

अनिल वाशिंदच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि सप्ता कमिटीचा सेक्रेटरी. हुशार, तडफदार, कशालाही वेळ न घालवणारा. त्याने वही ओढून घेतली. दोघांनी ओळीनं नावं तपासली. एकशेसोळा माणसांच्या मिळून ब्याण्णव हजार तेरा माळा. त्याला एकशेआठने गुणलं की नव्व्याण्णव लाख सदतीस हजार चारशे चार. चंदरची बोटं चालली. छत्तीस. तीन आणि सहा नऊ.

"हे झ्याक हाय," चंदर म्हणाला.

"मंग उरली ही एक." अनिलने शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

शेवटच्या पानावर काशी होती. वरच्या वाडीवरची, धाऊ पखवाजवाल्याची बायको. तिने माळा सांगितल्याच नव्हत्या, थेट नामं सांगितली होती. दर एकादशीला डोंगर उतरून यायची, पदराची गाठ सोडायची आणि नात कुणालीच्या अक्षरातली चिठ्ठी चंदरच्या हातात द्यायची. चंदरने आकडे जसेच्या तसे उतरवले होते. दहा महिन्यांची बेरीज: एक लाख चार हजार सातशे एकोणतीस.

"माळेचा शंभरच धरत असंल," चंदर म्हणाला. "जुनी माणसं धरतात. वरचे आठ चुकीमाकीचे म्हणून सोडून देतात."

"मंग शेवटाला दोन शून्यं पायजेत काका. हितं एकोणतीस हाय." अनिल मोबाइलवर बोटं आपटत होता. "थांबा. एकशेआठानं जात नाय. शंभरानं नाय. चोपन्नाची छोटी माळ असती ना, तिनंबी नाय." मग त्याने आणखी काहीतरी दाबलं आणि ओठ बाहेर काढले. "काका, हिला कशानंच भाग जात नाय. दोनानं नाय, तीनानं नाय, सातानं, तेरानं, कशानंच. मूळ संख्या हाय ही. शाळेत होती बघा."

"खरं सांगतोस?"

"मोबाइल कशाला खोटं बोलंल? आता तुमीच सांगा. माळ म्हणजे काय? एवढे मणी, गुणिले एवढे फेरे. मणी पन्नास असोत नायतर दोनशे असोत, त्या मण्यांनी तरी भाग जायला पायजे का नाय? जात नाय. म्हणजे हा आकडा माळेवरचा नायच. अंदाजपंचे सांगितलाय."

बोलणं चोख होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"म्हातारी चार नामं घेत असंल, नात येईल तो आकडा लिहीत असंल," अनिल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच चंदरला जास्त लागलं. "वाडीवरची माणसं, त्यांचं काय एवढं. ही ओळ गाळू या. गाळली की कोटीला किती कमी पडतात? बासष्ट हजार पाचशे शहाण्णव. म्हणजे पाचशेऐंशी माळा. एकशेसोळा माणसं, प्रत्येकी पाच. नऊ वाजता सगळ्यांना बसवतो, तासात काम फत्ते. कोटी एकदम स्वच्छ."

"आणि काशीवयनी?"

"तिला कोण सांगायला जातंय?"

कमिटीच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. देवाच्या दारात खोटा आकडा जाण्यापेक्षा हे बरं, असं एकजण म्हणालाही.

चंदरने वहीवर तळहात ठेवला. ही ओळ कोणाला दिसलीसुद्धा नसती. कोटी पार झाली, गजर झाला, सगळे खूश होते. आपल्याच बोटांनी उकरून काढलं, आणि ज्या बाईने दहा महिने डोंगर उतरून चिठ्ठ्या आणल्या, तिचा जप आता तिच्या पाठीमागे पुसला जाणार होता.

"मला नऊपर्यंत टाइम दे," तो उठत म्हणाला. "तोवर कोणाला काय बोलू नको."

घराच्या ओट्यावर गिरजा काल्याच्या लाह्या पाखडत होती. वही मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याचा चेहरा बघून तिने सूप थांबवलं.

"काय झालं? महाराज आले नाय काय?"

"महाराज अनिलकडे चहा पितात." चंदरने सगळं सांगितलं.

"अवो, मंग तिलाच विचारा की. येईलच साडेनवाला वाडीवरच्या बायांबरोबर."

"काय विचारू? वयनी, तुमचा जप खरा काय, असं विचारू?" चंदर म्हणाला. "विचारलं तेव्हाच संपलं ना गो. खरा निघाला तरी मी विचारलं हे राहणारच."

धाऊ आणि चंदर, तीस वर्षं एकाने पखवाज वाजवला आणि एकाने टाळ. धाऊची थाप पडली की चंदरच्या पायाला डोळे फुटायचे. कीर्तन रंगात आलं की धाऊ मान तिरकी करून चंदरकडे बघायचा आणि लय एक पायरी वर न्यायचा, आणि दोघांनाच कळेल असं हसायचा. गेल्या आषाढात वद्य एकादशीला काशी चिठ्ठी देऊन वर गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच धाऊ गेला. भात लावता लावता बांधावर बसला तो बसलाच. पावसाने रस्ता बंद होता. एकादशीच्या रात्रीच कामावर परतलेला चंदर शहापूरहून तिसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा राखही उचलली होती.

त्याच्या बाईच्या चिठ्ठीवर आता गाव काट मारणार होतं.

चंदरने पेन घेऊन एक लाख चार हजार सातशे एकोणतीसला भाग द्यायला सुरुवात केली. मोबाइलवर त्याचा राग नव्हता, पण आपल्या हाताने केल्याशिवाय त्याला पटत नसे. अकराने, तेराने, सतराने, एकोणीसने. प्रत्येक वेळी काहीतरी उरायचंच. पान भरलं. आकडा गडासारखा उभा होता, कुठून दार सापडेना.

गिरजा बराच वेळ बघत होती.

"अवो, एक विचारू? काट्यावर तुमी दहा गाड्या एकदम चढवता काय?"

"एकदम कशा चढतील?"

"मंग अख्ख्या वर्षाचं एकदम काय तोलताय?"

चंदरने तिच्याकडे बघितलं. मग वहीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"तू काट्यावर बसायला पायजे होतीस," तो म्हणाला.

"तितं बसले असते तर लाह्या कोणी पाखडल्या असत्या?" आणि सूप पुन्हा चालू झालं.

त्याने नवं पान काढलं आणि महिने वेगळे लिहिले. चैत्र ९७७६. वैशाख ११,१२८. ज्येष्ठ १०,५०४. आता सव्वीस वर्षांचा हात आपोआप चालू लागला. काट्यावर काय करतात? भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, एकातून दुसरी वजा. दोन्ही महिन्यांत माळ एकच असेल, तर एकातून दुसरा वजा केल्यावर जे उरेल, तेही त्याच माळेचे फेरे असणार. ज्येष्ठातून चैत्र काढला, उरले ७२८. वैशाखातून ज्येष्ठ काढला, ६२४. या दोहोंनाही एकमेकांतून काढून बघू.

१०४.

चंदरने चैत्राच्या आकड्याला एकशेचारने भागायला घेतलं. चौऱ्याण्णव वेळा. बाकी शून्य. वैशाख, एकशेसात वेळा, शून्य. ज्येष्ठ, एकशेएक वेळा, शून्य. आषाढ ९१५२, अठ्ठ्याऐंशी वेळा, शून्य.

"गिरजा! तिच्या माळेत एकशेचार मणी हायत!"

"चार कमी?"

"चार कमी! म्हणून ती माळा सांगत नाय, नामं सांगते. माळ बोलली असती तर आमी एकशेआठ धरले असते. तिच्या नावावर फुकटची चार नामं पडली असती, फेऱ्यागणिक चार."

गिरजाने हात जोडून कपाळाला लावले, कोणाला ते तिलाच ठाऊक.

चंदर आनंदाने श्रावणाकडे वळला. ९९९१. एकशेचार गुणिले शहाण्णव, ९९८४. बाकी सात.

पुन्हा करून बघितलं. बाकी सातच.

भाद्रपद १०,४०३. बाकी तीन. आठ वाजून गेले होते. देवळाकडून अनिलचा आवाज ऐकू येत होता, भोंग्यावरून तो सगळ्यांना आपापली माळ घेऊन नऊला यायला सांगत होता. चार महिने खरे आणि पुढचे खोटे, असं कसं होईल? माणूस अर्ध्या वाटेत खोटं बोलायला लागतं काय?

त्याने गाडी पुन्हा काट्यावर घेतली. भाद्रपदातून श्रावण वजा, ४१२. आश्विन १०,९१८, त्यातून भाद्रपद वजा, ५१५. पाचशेपंधरातून चारशेबारा.

१०३.

श्रावण, सत्त्याण्णव वेळा, शून्य. भाद्रपद, एकशेएक वेळा, शून्य. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. प्रत्येकाखाली त्याने एकशेतीनने भागलं आणि प्रत्येकाखाली शून्य आलं. सहा महिन्यांची सहा शून्यं, काशीच्या नातीच्या चिठ्ठ्यांसारखी एकाखाली एक.

तर असं होतं. आषाढापर्यंत एकशेचार मणी, श्रावणापासून एकशेतीन. दोन वेगळ्या माळांची बेरीज एकत्र केली, म्हणून मोठ्या आकड्याला कशानेच भाग जात नव्हता. अनिलचं गणित बरोबर होतं. फक्त मधे एक मणी कमी झाला होता, हे गणिताला कोणी सांगितलं नव्हतं.

आषाढ आणि श्रावणाच्या मधे.

चंदरने पेन खाली ठेवलं. गिरजाने वाकून वहीत बघितलं. तिला भागाकार कळला नाही, पण महिन्यांची नावं वाचता येत होती.

"धाऊदादा गेले तवाचं हाय हे," ती हळू आवाजात म्हणाली.

चंदर देवळात पोचला तेव्हा सतरंज्या अंथरल्या होत्या आणि बाया-माणसं माळा घेऊन बसायला लागली होती. अनिल काखेत हजेरीचा कागद धरून उभा होता. चंदरने त्याला खांबाआड नेलं आणि वही उघडून दाखवली. अनिलने एकदा बघितलं, मोबाइल काढला, दहाही भागाकार स्वतः केले. प्रत्येकाखाली शून्य.

"जप चोख हाय," चंदर म्हणाला. "आपल्यापेक्षा चोख हाय. पण हा मणी कुठं गेला, ते मला ठाऊक नाय."

अनिलचा अंगठा मोबाइलच्या काचेवर तसाच राहिला होता.

"मला ठाऊक हाय," तो शेवटी म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "मी होतो ना खांद्याला. तुमी शहापूरला अडकलेले. उचलायच्या आधी काशीकाकीनं गळ्यातली माळ काढली, दातानं दोरा तोडला नि कायतरी धाऊकाकाच्या तोंडात ठेवलं. मला वाटलं सोन्याचा मणी असंल, ठेवतात तसा. मनात आलं पण, हिच्याकडे सोनं कुठून आलं?"

देवळात विणेकऱ्याने वीणा गळ्यात घातली. धसईहून आलेला नवा पखवाजवाला कणीक लावून वादीवर हात फिरवत होता, धाऊच्याच जागेवर.

"त्याच्या आधीचे चार असेच गेले असतील," चंदर म्हणाला.

अनिलने हजेरीचा कागद घडी करून खिशात घातला. मग माइक हातात घेऊन नुसतं एवढंच बोलला, "मंडळी, माळा धरायची गरज नाय. हिशोब जुळला. माझाच वाचताना घोळ झाला होता. कोटी पूर्ण हाय." कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कीर्तनाची घाई होती.

साडेनऊला वाडीवरच्या बाया आल्या. मागे काशी, पांढऱ्या केसांची, ठेंगणी, पायाला डोंगरातली लाल माती. नेहमीसारखी बायकांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली.

आणि कीर्तन काय झालं म्हणून सांगावं! महाराज त्या दिवशी पेंद्याच्या शिदोरीवर बोलले. सगळ्या गवळ्यांनी दही-दूध आणलं, पेंद्याने आणली आंबट ताकातली कण्या-भाकर, तीही अर्धी, कारण उरलेली घरी ठेवून आला होता. महाराजांनी पेंद्याचं लाजणं असं उभं केलं की बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. नवा पखवाजवाला गुणी होता. मधेच त्याने लय चढवली, तेव्हा चंदरने सवयीने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. पोरगेल्या चेहऱ्याच्या त्या माणसाला काही कळलं नाही, तो आपला वाजवत राहिला. पण चंदरचे टाळ मात्र लयीबरोबर गेले. जायलाच हवे होते.

"गावाने एक कोटी बेचाळीस हजार एकशे तेहेतीस नामं घेतली," महाराज शेवटी म्हणाले. "एकशेसतरा मुखांनी."

एकशेसतरा. चंदरने डोळे मिटून घेतले.

हंडी फुटली. दही, लाह्या, लोणच्याचा खार, सगळं एकमेकांच्या हातावर आणि तोंडावर. गडबडीत चंदरने बघितलं, अनिल पानाचा द्रोण भरून गर्दीतून वाट काढत पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि काशीसमोर उकिडवा बसला.

"घे काकी, आधी तू."

"अगोबाई, सेक्रेटरी आज वाढपी झाला काय?" काशी म्हणाली. "लगीन ठरलं काय रे तुझं दुसरं?"

"काय पण काकी!" अनिल कानापर्यंत लाल होऊन पळाला.

चंदर तिच्याजवळ जाऊन बसला. काशीने द्रोणातला अर्धा काला त्याच्या हातावर ठेवला.

"काय भावजी, आला काय तुमचा नऊ?" तिने विचारलं. चंदरची खोड वाडीपर्यंत पोचली होती, धाऊ घरी जाऊन सगळं सांगायचा.

"नाय वयनी. पाच आला."

काशीचा चावणारा जबडा थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हळूच हसली.

"पाच? मंग बरोबरच हाय."

तिने गळ्यातली माळ काढून मांडीवर ठेवली. जुनी, तेलकट झालेली तुळशीची माळ. मण्यांच्या मधे मधे गाठी होत्या.

"आमच्या सासूची माळ ही. घरातलं कोण गेलं की एक मणी त्याच्याबरोबर द्यायचा, तितं गाठ मारायची. ही सासऱ्यांची गाठ. ही सासूची. हे थोरले दीर." चौथ्या गाठीवर तिचं बोट जरा जास्त थांबलं. "ही माझी पयली पोर. बारशाच्या आधीच गेली. नाव नव्हतं ना तिला, म्हणून बोलले, निदान एक नाम तरी घेऊन जाऊ दे."

चंदरच्या हातावरचा काला तसाच होता.

"कुणाली बोलते, आजी, सगळे एकशेआठ धरतात, तूबी धर, कोणाला कळतंय? मी बोलले, गाठीवर मी नाम घेत नाय, नुसती थांबते. मंग त्याचं कसं सांगू?"

"वयनी," चंदर म्हणाला, "आज सकाळी माझ्याकडनं..."

"खावा आधी," काशी म्हणाली. "लाह्या मऊ पडतात."

त्याने खाल्लं. दही आंबट होतं आणि लाह्या गिरजाने पाखडलेल्या, एकही खडा नव्हता.

बाया निघाल्या. काशीही उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि माळ हातात घेऊनच देवळाच्या पायऱ्या उतरली. येत्या वद्य एकादशीला चिठ्ठी द्यायची नव्हती, संकल्प संपला होता, तरी तिचे ओठ हलायला लागले होते. चंदर ओट्यावरून बघत राहिला. मणी सरकत होते, एक, आणखी एक. चार गाठी काळ्या पडल्या होत्या, दोऱ्याच्याच रंगाच्या. पाचवीचा दोरा अजून पांढरा होता. तिथे अंगठा आला, तशी ती चालता चालता थांबली. ओठही थांबले. पाठीमागच्या बायका तिला वळसा घालून पुढे गेल्या.

मग पुढचा मणी बोटाखाली आला, आणि काशी वाडीची वाट चढू लागली.